दोन लेन्स आणि एक मुहूर्त

पहाटे ५

कॅमेऱ्याची बॅग मी आदल्या रात्री भरत नाही. रात्री डोळे मिटायला आलेले असतात आणि चार्जरवरची बॅटरी चार्जरवरच राहते. पहाटे गॅसवर चहाचं आधण ठेवायचं आणि जेवणाच्या टेबलावर एकेक वस्तू मांडायची. दोन बॉडी, चार बॅटऱ्या, सहा कार्डं, फ्लॅश, त्याचे सेल, मऊ फडकं, धूळ उडवायचा रबरी फुगा. मांडलेलं दिसतं आणि दिसलेलं विसरत नाही.

आज टेबलावर एक पाहुणी आहे. टॅमरॉनची २४-७० एफ/२.८, दुसऱ्या पिढीची, २०१७ साली बाजारात आलेली. इचलकरंजीचा माझा एक मित्र मिररलेसवर गेला आणि त्यानं निकॉन माउंटचं सगळं सामान विकायला काढलं. मी फोनवर विचारायला लागले तर म्हणाला, "फोनवर काय विचारत बसलीस? एक लग्न काढ तिच्यावर, मग बोल." परवा त्यानं ती हातातच आणून दिली.

माझी स्वतःची लेन्स म्हणजे निकॉनची २४-१२० एफ/४. डी७५० घेतला तेव्हा त्याच्याबरोबरच आली. इतकी वर्षं ती सकाळी कॅमेऱ्याला लागली की रात्रीच निघते. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण गेल्या हंगामात सप्तपदीचा एक फोटो हलला. सातवं पाऊल, नवरीच्या पायाखाली तांदळाची रास, वर दोघांचे हात, सगळं जागच्या जागी आणि पाऊल मात्र धुरासारखं. चूक माझी होती. उजेड कमी म्हणून शटर १/६० वर आणून ठेवलं होतं. त्या नवरीला अल्बम देताना ते पान मी तिच्यासमोर उलटलं नाही. तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे, की रोजच्या लेन्सला आणखी एक स्टॉप उजेड मिळाला तर?

एफ/४ आणि एफ/२.८ यांच्यात फरक एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा. पण त्या बदल्यात ७० ते १२० हा पल्ला जातो. एवढाच प्रश्न आहे, आणि आज रात्रीपर्यंत त्याचा निकाल लावायचा आहे. एका डी७५० वर माझी, दुसऱ्यावर पाहुणी. दोन खांद्यांवर दोघी.

सकाळी ६

कोल्हापुरात मंगळवार पेठेतून गंगावेशीकडे जाताना मी मुद्दाम खरी कॉर्नरवरून जाते. तिथे कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर पुढे 'सैरंध्री' काढला. आपल्याला काय टिपायचं आहे ते आधी ठरवून त्याप्रमाणे यंत्र घडवणारा माणूस होता तो. मला यंत्र घडवायचं नाही, फक्त निवडायचं आहे. तरी तिथून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी होतो. मागे बसलेला भाचा विचारत नाही, त्याला सवय आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. हंगामात माझ्याबरोबर येतो. त्याच्याकडे डी५६०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५.

६:३०

नवरीचं घर जुनं. तिला सजवायला दिलेली खोली दहा बाय दहाची असेल. त्यात लोखंडी कपाट, पलंग, आरसा, सात बायका आणि एक खिडकी. नऊवारीच्या निऱ्या घालायला आत्या गुडघ्यावर बसलेल्या, मावशी मुंडावळ्यांचा दोरा दातात धरून उभ्या. अशा खोलीत फ्लॅश उडवला की खिडकीतून येणारा उजेड मरतो आणि त्या उजेडासाठीच तर मी तिथे गेलेली असते.

स्टँडर्ड झूम म्हणजे काय, हे अशा खोलीत कळतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर. लेन्सची लांबी त्याच्या आसपास असली की दृश्य डोळ्याला ओळखीचं वाटतं, ताणलेलंही नाही आणि दाबलेलंही नाही. त्या मधल्या जागेपासून थोडं इकडे आणि थोडं तिकडे जाते ती स्टँडर्ड झूम. २४ वर खोली मावते, ७० वर चेहरा भरतो. ३५ मिमी स्टिल कॅमेऱ्यासाठी पहिली झूम फोइक्टलेंडरनं १९५९ साली काढली, झूमार नावाची. तीसुद्धा ३६-८२ अशी याच पट्ट्यातली, आणि छिद्र एफ/२.८. म्हणजे पहिल्या दिवसापासून माणसाला झूमकडून हेच हवं होतं.

खिडकीकडे पाठ करून मी आधी माझ्या लेन्सवर काढते. एफ/४, १/१२५, आयएसओ ३२००. मग दुसऱ्या खांद्यावरची. एफ/२.८, तेच शटर, आयएसओ १६००. मागच्या पडद्यावर दोन्ही चांगले दिसतात. तिथे सगळंच चांगलं दिसतं. रात्री बघू.

"मावशी, जरा माझ्या कॅमेऱ्याला लावून बघू काय?" भाच्यानं विचारलं. दिली. त्यानं २४ वर डोळा लावला आणि मागे सरकायला लागला. एक पाऊल, दोन पावलं, पाठ कपाटाला लागली, कपाटाची मूठ खडखडली.

"नवरी बसतीया, पण आत्या कापल्या जाताहेत."

"अजून मागं जा."

"कुठं जाऊ? कपाटात?"

त्याच्या डी५६०० चा सेन्सर लहान. त्यावर कुठल्याही लेन्सचं दृश्य दीडपट जवळ येतं. २४ चे ३६ होतात, ७० चे १०५. फुल फ्रेमवर जी सर्वगुणसंपन्न लेन्स, ती लहान सेन्सरवर खोलीत अडते. मला दर हंगामात दोन-तीन तरुण पोरं विचारतात, "ताई, पुढं फुल फ्रेम घेणारच आहे, आत्ताच २४-७० घेऊन ठेवू काय?" मी त्यांना ही खोली आठवायला सांगते. आज ज्या कॅमेऱ्यावर पोट आहे त्या कॅमेऱ्याची लेन्स घ्यावी. पुढच्या कॅमेऱ्याचं पुढं.

भाच्यासाठी माझ्या मनात १७-५० एफ/२.८ या घरातली लेन्स आहे. त्याच्या १८-५५ ची रुंदी त्याला पुरते, अडचण आहे ती दुसऱ्या टोकाला. ५५ वर छिद्र एफ/५.६ पर्यंत मिटतं, म्हणजे एफ/२.८ च्या चौथाई उजेड. सिग्माची १७-५०, २०१० ची, हात स्थिर ठेवणारी यंत्रणा तिच्यात आहे. निकॉनची स्वतःची १७-५५, २००३ ची, पाऊण किलोचं लोखंड, पण लढायला तयार. टॅमरॉनची १७-५० त्या सगळ्यांत हलकी, २००६ ची, पण जुनी घेताना एक गोष्ट बघायलाच हवी. निकॉनसाठी निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नव्हती. डी५६०० च्या बॉडीतही मोटर नाही. म्हणजे ऑटोफोकस बंद. दुकानात कॅमेरा घेऊन न जाणारा यात फसतो. आणखी एक नाव पोरांच्या तोंडी असतं, सिग्माची १८-३५ एफ/१.८. २०१३ साली आली तेव्हा एवढं मोठं छिद्र सगळ्या पल्ल्यावर देणारी पहिली डीएसएलआर झूम होती ती, आणि काच खरोखर देखणी. पण ३५ वर संपते, आणि लग्नात चेहऱ्याजवळ जाताना ३५ अपुरं पडतं. शिवाय वजन ८०० ग्रॅमच्या वर.

नवरीनं बांगड्यांचा हात वर केला. हिरव्या काचेतून खिडकीचा उजेड तिच्या गालावर आला. बोलणं तिथेच थांबलं.

८:४५

कार्यालयाच्या अंगणात हळद. वर पिवळा-लाल कापडी मांडव, त्यामुळे सगळ्यांच्या अंगावर आधीच हळद चढल्यासारखा रंग. इथे उजेड भरपूर आहे, दोन्ही लेन्सना. एफ/५.६ ला दोघींत डावं-उजवं करणं अवघड.

पण हळदीत उजेडाखेरीज दुसरी परीक्षा होते. नवऱ्याच्या मावसभावानं ओंजळभर ओली हळद उडवली आणि त्यातली चार बोटं माझ्या पाहुणीच्या अंगावर बसली. पुढच्या काचेवरचे थेंब फडक्याच्या एका फेरीत गेले. तिच्या पुढच्या काचेला पाणी-तेल न धरणारा थर आहे, तो कामाला आला. पण झूमच्या रबरी कड्याच्या खाचांत हळद शिरली. ती रात्रीच निघेल.

इथे हिशोबाची एक गोष्ट लक्षात आली. माझ्या लेन्सचा फिल्टर ७७ मिलिमीटरचा, हिचा ८२ चा. हळदीला, पावसाला, फुलांच्या वर्षावाला मी काचेवर साधा पारदर्शक फिल्टर लावते. पोलरायझर वेगळा. सगळे ७७ चे. लेन्स बदलली की हे सगळं पुन्हा घ्यावं लागणार. लेन्सची किंमत ठरवताना माणूस लेन्सचीच किंमत बघतो, आणि मग फिल्टर, हूड, मोठी बॅग हे मागून येतं.

१०:३०

रुखवताचं टेबल. जवळून काढायचं ते इथे. टॅमरॉन ३८ सेंटिमीटरवर फोकस धरते, माझी ४५ वर. ती सात सेंटिमीटर जवळ जाते, पण माझी १२० पर्यंत पोचत असल्यामुळे लोकरीच्या तोरणातला टाका तिच्यातही छोटा दिसत नाही. नवरीच्या काकूनं विणलेलं तोरण आहे ते, चार महिने लागले म्हणे. मी त्याचे सहा फोटो काढले आणि काकूंना दाखवले.

११:४५

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. हॉलमध्ये माणसं भरायच्या आत मी नेहमी एकदा उजेड चाखून घेते. स्टेजवर एलईडी, त्यातले काही निळसर. स्टेजच्या पायरीपासून चार हातांवर मात्र अंधारल्यासारखं, आणि मुहूर्ताला जवळची माणसं नेमकी तिथेच उभी असतात.

भाच्याला खांबाजवळच्या खुर्चीत बसवलं. माझी लेन्स १२० वर नेऊन त्याच्या डोळ्यावर फोकस लावला. ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि मग थांबली. पाहुणी ७० वर एका दमात थांबली. हे दोन लेन्सच्या गुणांचं भांडण नाही, उजेडाचा हिशोब आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो निघेपर्यंत छिद्र पूर्ण उघडं असतं. व्ह्यूफाइंडरमधून मी बघते ते उघड्या छिद्रातून, आणि फोकस शोधणारा सेन्सरही तेवढ्याच उजेडावर काम करतो. म्हणून मोठ्या छिद्राची लेन्स मी एफ/८ ला वापरली तरी फोकस करताना ती एफ/२.८ चाच उजेड देते. हा फायदा डबीवर छापलेला नसतो.

जोखीमही तिथेच आहे. ७० वर, एफ/२.८ ला, मीटरभर अंतरावरून चेहरा काढला तर स्पष्ट पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. फोकस जरा मागे पडला की डोळा सॉफ्ट आणि कान धारदार. काल संध्याकाळी गच्चीवर वर्तमानपत्र तिरकं ठेवून मधल्या ओळीवर फोकस केला होता. अक्षरं किंचित मागे धारदार होत होती. डी७५० च्या मेनूतल्या फोकस दुरुस्तीनं ते जुळवून घेतलं. पण हा कॅमेरा एका लेन्सला एकच आकडा देतो, २४ ला वेगळा आणि ७० ला वेगळा असं नाही. टॅमरॉनचं एक छोटं यंत्र मिळतं, ते लेन्सला मागून लावून वेगवेगळ्या लांबीला आणि अंतराला दुरुस्ती करता येते. मित्राकडे आहे ते. मागून घ्यायला हवं.

१२:३५

मुहूर्ताच्या त्या काही मिनिटांत लेन्स बदलता येत नाही. हवेत तांदूळ, धूप, शालीचे धागे उडत असतात. अशा हवेत बॉडीचं तोंड उघडायचं धाडस मी करत नाही, आणि वेळही नसतो. जे खांद्यावर आहे तेच आपलं.

मी भटजींच्या डाव्या हाताला, स्टेजच्या अगदी कडेला. समोर दोन व्हिडिओवाले, मागे नवऱ्याचे मित्र. अंतरपाट धरलेला. एका बाजूला नवरीची बोटं हाराच्या फुलांत रुतलेली, दुसऱ्या बाजूला नवरा श्वास रोखून उभा. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याला अक्षता पडतात आणि दर वेळी मी दोन-तीन फ्रेम घेते, हात गरम ठेवायला. आळीपाळीनं, एकदा ही, एकदा ती.

तांदळाचे दाणे शटरचा वेग उघड करतात. १/१२५ ला त्यांच्या लांब पांढऱ्या रेघा होतात, १/२५० ला अर्ध्या. उजेड तेवढाच, आयएसओ तेवढाच, फरक फक्त छिद्राचा. लेन्समधली हात स्थिर ठेवणारी यंत्रणा इथे काही करू शकत नाही. दोघींत ती आहे, दोघींत चांगली आहे, पण ती माझ्या हाताचा थरथराट थोपवते. अक्षता, हार, पापण्या, पावलं यांना ती थोपवत नाही. सप्तपदीचा माझा फोटो गेला तो याच गैरसमजात. यंत्रणा चालू आहे म्हणून मी १/६० वर निर्धास्त राहिले होते.

शेवटचं कडवं. बँडवाल्यांनी काठ्या उचललेल्या. अंतरपाट खाली आला.

पाहुणी हातात होती, ५० वर. एफ/२.८, १/२५०, आयएसओ ३२००. नवरीनं आधी हाराकडे बघितलं, मग वर. नवऱ्याच्या ओठांवर हसू यायला निघालं होतं, आलं नव्हतं. चार फ्रेम. मागच्या भिंतीवर थर्मोकोलची दोघांची नावं आहेत, त्यांच्या कडेला लाल दिव्यांची माळ, एका व्हिडिओवाल्याचं डोकं. एफ/२.८ ला ते सगळं मागे विरघळलं. आपल्या कार्यालयांची स्टेजं अशीच भरगच्च असतात, ती काही कुणी फोटोसाठी रिकामी करत नाही.

मग मी नजर खाली वळवली. खांबाजवळच्या त्याच खुर्चीत, जिथे तासाभरापूर्वी भाचा बसला होता, तिथे नवरीची आजी. सगळा हॉल अक्षता टाकून मोकळा झालेला, टाळ्या वाजत होत्या आणि आजीची मूठ अजून मिटलेली. तांदूळ तिच्या हातातच होते. ती टाकायचं विसरली होती.

पाहुणी ७० वर नेली. आजी फ्रेममध्ये लहान. तरी दोन फ्रेम घेतल्या. मग दुसरा कॅमेरा उचलला, १२० वर गेले. आता आजी जवळ आली, चेहरा भरला. फोकस पुढे गेला, मागे आला. तेवढ्यात कुणी नात धावत आली, आजीनं मूठ उघडली आणि तांदूळ तिच्या डोक्यावर टाकले. तो फोटो मिळाला. मुठीचा नाही मिळाला.

१:३०

लाजाहोम आणि सप्तपदी. धूर, ज्वाळा, खाली वाकलेली माणसं. पावलं मी एफ/२.८ ला १/२५० वर काढली, सातही.

२:३०

पंगतीत बसले तेव्हा उजवा खांदा बोलायला लागला होता. डी७५० बॅटरीसह ८४० ग्रॅम. त्यावर टॅमरॉनचे साधारण ९००, म्हणजे पावणेदोन किलो. माझी लेन्स ७१० ची. दोघींतला फरक पाव किलोच्याही आत, पण तो फरक लेन्सच्या पुढच्या टोकाला असतो आणि मनगटाला तिथलं वजन जास्त कळतं. निकॉनची स्वतःची २०१५ ची २४-७० तर एक किलोच्या वर जाते आणि नवी घ्यायची तर लाखाच्या बरीच पुढे. ती मी विचारातूनच काढली.

शेजारी व्हिडिओवाले काका होते, पस्तीस वर्षं या धंद्यात.

"जुनी घेतीयास म्हणं. बुरशी बघितलीस काय?"

बघितली होती. अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूनं टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धूळ ठिपक्यासारखी दिसते, तिची भीती नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर हात जोडून परत द्यायची. आमच्याकडचा पाऊस असा की कपाटात चार महिने पडून राहिलेली काच वाचत नाही. मी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते आणि पुड्यांनी रंग बदलला की त्या तव्यावर गरम करून घेते.

"आणि हालवून बघितलीस?"

तेही बघितलं होतं. झूमची नळी पूर्ण बाहेर काढून हलकेच डोलवायची, कड्यात कुठे अडकतं का बघायचं, माउंटचे स्क्रू कुणी उघडल्याच्या खुणा आहेत का बघायचं. मग विटांच्या भिंतीचा सरळ समोरून एक फोटो, चारही कोपरे मोठे करून. एकच कोपरा पुसट आला तर लेन्स कधीतरी पडलेली आहे असं समजायचं. काकांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक जिलेबी टाकायला वाढप्याला सांगितलं. त्यांची पसंती अशीच कळते.

३:३०

ग्रुप फोटो. दीड तास. फ्लॅश, एफ/८, आयएसओ ४००. इथे २४-१२० आणि २४-७० यांत काही फरक नाही, आणि खरं सांगायचं तर भाच्याच्या १८-५५ मध्येही फारसा नाही. ज्याचं काम मुख्यतः फ्लॅशवरचे ग्रुप, दुकानाची जाहिरात, भर उन्हातला प्रवास, त्यानं एफ/२.८ चं वजन आणि पैसा कशाला सोसायचा?

लेन्सपेक्षा उभं राहण्याची जागा महत्त्वाची ती इथे. चाळीस माणसं मावत नाहीत म्हणून २४ वर जायचा मोह होतो. मग कडेचे काका रुंद होतात आणि त्यांच्या शेजारची काकू कलते. मी खुर्च्यांच्या दोन रांगा हलवायला लावते आणि मागे जाऊन ३५ ते ५० च्या मधे काढते. लोक कुरकुरतात, हलवतात.

संध्याकाळी ६

मार्गशीर्षातला दिवस, सहाला सूर्य गेलेला. पाठवणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर. रस्त्यावरचा एक दिवा, गाडीचे मागचे लाल दिवे. इथे फ्लॅश मारायला माझा हात धजत नाही. लेकीनं वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलेलं असताना त्यांच्या तोंडावर लखकन प्रकाश पाडणं मला जमत नाही.

माझी लेन्स खांद्यावरच राहिली. हे मी ठरवलं नव्हतं. संपूर्ण पाठवणी पाहुणीवर झाली, एफ/२.८, १/१६०, आयएसओ ६४००. गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं की अर्धा तास मी दुसऱ्या कॅमेऱ्याला हातच लावला नव्हता.

रात्री ९:३०

कार्डं दोन ठिकाणी उतरवेपर्यंत मी काही बघत नाही. भाचा सोफ्यावर झोपला. मग लाइटरूम उघडून आधी आजचं नाही, गेल्या वर्षभराचं काम काढलं. त्यात फोटो कुठल्या लांबीवर काढला हे गाळून बघता येतं. लेन्स निवडणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण काय वापरतो याचा आपला अंदाज आणि खरा आकडा जुळत नाही. मला वाटत होतं मी १२० वर जगते. अल्बमपर्यंत पोचलेल्या माझ्या फोटोंत निम्म्याहून जास्त २४ ते ५० मधले निघाले. ८५ च्या पुढचे थोडे, आणि ते बहुतेक हॉलच्या दुसऱ्या टोकावरचे चेहरे. त्यातल्या बऱ्याच फोटोंसाठी बॅगेत ८५ एफ/१.८ आहे, ती दुसऱ्या बॉडीवर लावता येते.

मग आजचं. सकाळच्या खोलीत दोघी जवळजवळ बरोबरीच्या. हळदीत बरोबरीच्या. कोपऱ्यांची धार शंभर टक्क्यांवर मोठी करून बघितली तर एफ/५.६ ला कोणता फोटो कुठल्या लेन्सचा ते मला नाव झाकून सांगता येणार नाही. मुहूर्ताला फरक पडला, आणि पाठवणीला. कुणी म्हणेल एफ/४ ला आयएसओ दुप्पट केला की झालं, आजकाल आयएसओमुळे येणारे दाणे काढणारी सॉफ्टवेअर चांगली आहेत. चांगली आहेतच, मी वापरते. पण आधीच ६४०० वर असताना पुढे १२८०० वर गेलं की हिरव्या शालूचा हिरवा आणि कपाळावरच्या हळदीचा पिवळा मळतो, आणि लग्नात ते दोन रंग मळलेले चालत नाहीत. शिवाय आयएसओनं फोकस लवकर लागत नाही, तो लागतो छिद्रातून येणाऱ्या उजेडानं.

आजीच्या दोन फ्रेम शेवटी उघडल्या. ७० वरच्या. पूर्ण फ्रेममध्ये ती लहान, आजूबाजूला खुर्च्या आणि कुणाचे तरी हात. १२० वर जेवढं दिसलं असतं तेवढं कापलं. डी७५० चे २४ मेगापिक्सेल, त्यातले सुमारे आठ उरले. १२ बाय ८ इंचांच्या पानाला आठ पुरतात. ७० ते १२० या पल्ल्याचं मला इतके दिवस वाटणारं भय एवढंच निघालं. कमी पडलेली लांबी मला आता टेबलावर बसून परत मिळवता आली. सप्तपदीचं ते हललेलं पाऊल मात्र वर्षभर त्याच फोल्डरमध्ये आहे, त्याचं मला काही करता आलेलं नाही.

मित्राला मेसेज केला, "घेते. फोकस दुरुस्तीचं यंत्रही दे." त्याचं उत्तर लगेच आलं, "लग्न कसं झालं?"

उत्तर द्यायच्या आधी जुना दातांचा ब्रश घेऊन झूमच्या कड्याच्या खाचांतली हळद काढायला बसले. बरीचशी निघाली, तळाला पिवळी रेघ राहिली. पडद्यावर आजी तशीच होती. थोडी मोठी केली. डोळे स्टेजकडे, ओठ किंचित उघडे, मांडीवर मिटलेली मूठ, आणि करंगळीच्या फटीतून बाहेर आलेले तांदळाचे दोन दाणे. मी तोच फोटो त्याला पाठवला.